ई-मेल यादीचे स्थलांतर : 'नको' म्हणणाऱ्यांची नावे आधी न्या

दुकानाची जागा बदलायची म्हटली की व्यापारी माणूस महिनाभर आधीपासून तयारीला लागतो. माल मोजला जातो, वह्या बांधल्या जातात, जुन्या जागेवर नव्या पत्त्याची पाटी लागते. गिऱ्हाईक चुकू नये, उधारी बुडू नये, याची तो काळजी घेतो. पण हाच व्यापारी आपल्या ग्राहकांची ई-मेल यादी एका कंपनीच्या सेवेतून दुसऱ्या कंपनीच्या सेवेत नेतो तेव्हा ते काम एखाद्या पोराकडे सोपवतो आणि दुपारच्या आत आटोपून टाकतो. यादी उतरवली, नव्या ठिकाणी चढवली, 'आम्ही नव्या रूपात येत आहोत' असे पत्र सर्वांना धाडले, काम झाले. नुकसान खरे तर येथूनच सुरू होते. म्हणून आजच्या लेखात हे स्थलांतर कसे करावे, काय सोबत न्यावे आणि काय मागे ठेवावे, याचा क्रमाने विचार करू.

स्थलांतराची वेळ का येते?

ज्यांचे काम चांगले चालले आहे त्यांनाही ही वेळ चुकत नाही, कारण पुष्कळदा निर्णय आपल्या हातात नसतो. काही उदाहरणे पाहा. गुगलच्या 'फीडबर्नर' या सेवेतून ई-मेलने लेख पाठविण्याची सोय जुलै २०२१ मध्ये बंद झाली. 'रेव्ह्यू' ही वार्तापत्रे पाठविणारी डच कंपनी ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये विकत घेतली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती सेवा गुंडाळली. मालक बदलून दोन वर्षेही झाली नव्हती. 'टायनीलेटर' ही साधी, फुकट आणि लोकप्रिय सेवा 'मेलचिंप'ने २०११ मध्ये घेतली होती. ती २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली. ज्यांनी मुदतीत आपली यादी उतरवून घेतली नाही, त्यांची वर्षानुवर्षांची जमवाजमव गेली.

दुसरे कारण दरांचे. अमेरिकेतील अटलांटा शहरात २००१ मध्ये सुरू झालेली मेलचिंप ही या धंद्यातील सर्वांत परिचित कंपनी. तिने मे २०१९ मध्ये नवे दरपत्रक आणले. त्या योजनांत 'अनसब्स्क्राइब' केलेले, म्हणजे नाव कमी करून घेतलेले ग्राहकही बिलाच्या मोजणीत धरले जाऊ लागले. पुढे २०२१ मध्ये 'इंट्युइट' या कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरला मेलचिंप विकत घेतली. मालक बदलला, दर बदलले, सवलती कमी झाल्या की लहान व्यापारी दुसरी सेवा शोधतो. त्यात काही गैर नाही. आपल्याकडेही चेन्नईच्या झोहोसह अनेक कंपन्या ही सेवा देतात.

मात्र वरील दरपत्रकाने एक वाईट सवय लावली. जे ग्राहक 'नको' म्हणून गेले त्यांचे पैसे कशाला भरायचे, असा हिशेब करून अनेकांनी ती नावे कायमची पुसून टाकली. वरवर पाहता हा शहाणपणा वाटतो. प्रत्यक्षात त्यांनी आपल्या यादीची स्मरणशक्तीच पुसली. त्याच सेवेत ती नावे मोजणीबाहेर अभिलेखात ठेवण्याची सोय होती; तेवढे केले असते तरी पुरे होते.

यादीत नेमके काय असते?

यादी म्हणजे पत्त्यांची रांग असा सर्वसाधारण समज आहे. परंतु प्रत्येक पत्त्याबरोबर एक स्थिती जोडलेली असते आणि खरी किंमत त्या स्थितीची असते. आपण चार प्रकार लक्षात ठेवू.

पहिला प्रकार चालू ग्राहकांचा. यांनी परवानगी दिली आहे आणि ती अजून काढून घेतलेली नाही.

दुसरा प्रकार नाव कमी केलेल्यांचा. यांनी कधीतरी 'यापुढे पाठवू नका' असे स्पष्ट कळविले.

तिसरा प्रकार परत आलेल्या पत्त्यांचा. खाते बंद झाले, नोकरी बदलली, स्पेलिंग चुकले. पत्र पोहोचतच नाही. याला 'बाउन्स' म्हणतात.

चौथा प्रकार तक्रार करणाऱ्यांचा. यांनी आपले पत्र 'स्पॅम' म्हणून चिन्हांकित केले.

शेवटचे तीन प्रकार एकत्र केले की जी तयार होते तिला आपण नकार-यादी म्हणू. जुनी सेवा ही नकार-यादी स्वतः सांभाळते. आपण चुकून अशा पत्त्यावर पत्र पाठवू म्हटले तरी ती अडवते. त्यामुळे आपल्याला तिचे अस्तित्व जाणवत नाही. नव्या सेवेला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. आपण जो पत्ता देऊ तो तिच्या दृष्टीने राजीखुशीने आलेला ग्राहक. म्हणजे जुन्या घरात दाराला असलेली कडी नव्या घरात आपोआप लागत नाही. ती आपणच लावावी लागते.

उदाहरण घेऊ. समजा, रत्नागिरीच्या एका हापूस विक्रेत्याच्या यादीत एकूण ६,००० पत्ते आहेत. त्यांत चालू ४,२००, नाव कमी केलेले १,१००, परत आलेले ६५० आणि तक्रार केलेले ५०. त्याने सर्वच्या सर्व ६,००० पत्ते नव्या सेवेत चढवले, तर पहिल्याच दिवशी १,८०० पत्रे, म्हणजे शंभरातील तीस, जेथे जाऊ नयेत तेथे जातील. ज्यांनी स्वच्छ शब्दांत नकार दिला होता त्यांच्या दारावर पुन्हा थाप पडेल. असे लोक दुसऱ्यांदा सौजन्याने नाव कमी करून घेत नाहीत. ते सरळ 'स्पॅम'चे बटण दाबतात.

याउलट त्याने फक्त ४,२०० चालू पत्ते नेले आणि नकार-यादी जुन्या खात्यातच सोडली, तरी धोका टळत नाही. चार महिन्यांनी संगणकावरील एखादी जुनी एक्सेल वही सापडते, किंवा बिलांच्या सॉफ्टवेअरमधून सर्व ग्राहकांची यादी काढून चढवली जाते. त्या ओघात नकार देणारेही आत येतात आणि त्यांना ओळखणारे तेथे कोणी नसते. म्हणून आमचे सांगणे असे की, नव्या खात्यात सर्वांत आधी नकार-यादी चढवावी, नंतर चालू ग्राहक. बहुतेक सेवांत नाव कमी केलेले पत्ते त्याच स्थितीत चढविण्याची सोय असते. यादी उतरवताना मेलचिंप तर चालू, नाव कमी केलेले आणि परत येणारे यांच्या वेगवेगळ्या फायली देते. तीनही फायली घ्याव्यात. घाईत पहिलीच फाइल उघडली जाते आणि बाकीच्या तशाच पडून राहतात.

दोन कंपन्यांना मिळालेला धडा

नकार मोडण्याची किंमत काय असते हे इंग्लंडमधील दोन प्रकरणांवरून समजते. तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने मार्च २०१७ मध्ये 'फ्लायबी' या विमान कंपनीला ७०,००० पौंड दंड केला. या कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये ३३ लाखांहून अधिक ई-मेल पाठवले होते. मजकूर वरवर निरुपद्रवी होता : आपली माहिती बरोबर आहे का, ती तपासून घ्या. पण हे ई-मेल ज्यांना गेले त्यांनी जाहिराती नकोत असे पूर्वीच कळवले होते. त्याच वेळी 'होंडा मोटर युरोप' या कंपनीलाही १३,००० पौंड दंड झाला. तिने २,८९,७९० ई-मेल पाठवून लोकांना आपली पसंती विचारली होती; परंतु त्या लोकांची मूळ परवानगी होती की नाही, याचा पुरावा तिच्याकडे नव्हता.

दोन्ही कंपन्यांचा बचाव सारखाच होता. आम्ही काही विकत नव्हतो, यादी नीट करत होतो. आयुक्तांनी तो मानला नाही. ज्याने 'पाठवू नका' म्हटले त्याला 'पाठवू का?' असे विचारणे हेही पाठवणेच होय. सेवा बदलताना अनेकांच्या मनात नेमका हाच विचार येतो : सर्वांना एकदा विचारून घेऊ, जे 'हो' म्हणतील ते ठेवू. चालू ग्राहकांना असे विचारायला हरकत नाही. नकार-यादीतील माणसाला मात्र ते विचारायचे नाही.

होंडाचे प्रकरण आणखी एक गोष्ट शिकवते. पत्त्याबरोबर त्याचा दाखलाही न्यावा लागतो. हा ग्राहक केव्हा आला, कोठून आला, म्हणजे संकेतस्थळावरील अर्जातून, दुकानातील वहीतून की प्रदर्शनातून, आणि कशासाठी त्याने पत्ता दिला, हे रकाने उतरवताना गाळू नयेत. नव्या सेवेत चढवले की प्रत्येकाच्या नावापुढे स्थलांतराच्या दिवसाचीच तारीख पडते. मूळ तारखेसाठी वेगळा रकाना तयार केला नाही, तर दहा वर्षांचा जुना ग्राहक कालपरवा आल्यासारखा दिसतो आणि परवानगीचा पुरावा नाहीसा होतो.

आपल्या देशाचा कायदा

हे सारे परदेशातील, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याचे दिवस राहिलेले नाहीत. भारताचा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ग्राहकाचे नाव आणि ई-मेल पत्ता ही व्यक्तिगत माहितीच आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने या कायद्यातील चार गोष्टी महत्त्वाच्या.

एक, संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी. बिलासाठी घेतलेला पत्ता जाहिरातीसाठी आपोआप चालत नाही.

दोन, संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.

तीन, कायदा लागू होण्याआधी ज्यांनी संमती दिली आहे त्यांनाही, शक्य तितक्या लवकर, त्यांच्या माहितीचे काय केले जाते याची सूचना द्यावी लागते. ही सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला हवा. मराठी, उर्दू, कोकणी या तिन्ही भाषा त्यात आहेत.

चार, आणि ही गोष्ट स्थलांतराशी थेट जोडलेली : माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्या कंपनीला दिले तरी जबाबदारी आपली राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याने माहिती फुटली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड होईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु ग्राहकांच्या यादीची फाइल व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे पाठवणे, सायबर कॅफेच्या संगणकावर ती तशीच सोडणे, ओळखीच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला 'जरा वापरून बघ' म्हणून देणे, हे प्रकार आता थांबले पाहिजेत. ग्राहकाने पत्ता आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेला असतो. तो आपल्या मालकीचा माल नव्हे.

यादी उतरवताना होणारे घोटाळे

यादी उतरते ती बहुधा सी.एस.व्ही. नावाच्या साध्या फाइलमध्ये. ही फाइल एक्सेलमध्ये उघडताच तीन घोटाळे होतात आणि ते मराठी व्यापाऱ्याला अधिक जाचतात.

पहिला घोटाळा अक्षरांचा. नावे देवनागरीत असतील तर फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडल्यास पुष्कळदा नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. तीच फाइल जतन केली की नावे कायमची गेली. एक्सेलमध्ये 'डेटा' या विभागातून मजकुराची फाइल आत आणावी आणि अक्षरांचा प्रकार 'यू.टी.एफ.-८' निवडावा. जतन करतानाही सी.एस.व्ही.चा यू.टी.एफ.-८ हाच प्रकार घ्यावा.

दुसरा आकड्यांचा. ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल क्रमांक एक्सेल 'मोठी संख्या' समजून आखडून दाखवते आणि जतन केल्यावर शेवटचे आकडे नाहीसे होतात. दूरध्वनीच्या शहर क्रमांकाआधीचे शून्य उडते. यावर उपाय म्हणजे तो रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून देणे.

तिसरा तारखांचा. ०३/०४/२०२३ ही आपल्यासाठी तीन एप्रिल, पण अमेरिकन सेवेसाठी चार मार्च. ग्राहक केव्हा आला, त्याने केव्हा नकार दिला, हे सर्व उलटेपालटे होते. म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी पद्धत ठेवावी. तीत गैरसमजाला जागा नाही.

उतरवलेल्या मूळ फाइलला हात लावू नये. ती बाजूला कुलूपबंद ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे. चढवण्याआधी आणि चढवल्यानंतर प्रत्येक प्रकारचे आकडे कागदावर मांडून जुळवावेत. रोकड वही जुळवतो तसेच. ४,२०० नेले आणि ४,१८६ दिसले, तर चौदा कोठे गेले हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नव्या सेवेची ओळख पटवून देणे

आता पत कशी न्यावी ते पाहू. जीमेल, याहू, आउटलुक या कंपन्या प्रत्येक पाठवणाऱ्याची पत मोजत असतात. ती दोन गोष्टींना चिकटलेली असते : एक आपल्या डोमेनला, म्हणजे पत्त्यातील ॲट चिन्हापुढच्या नावाला, आणि दुसरी, ज्या यंत्राकडून पत्र निघते त्याच्या क्रमांकाला. सेवा बदलली की यंत्र बदलते. डोमेन तेच ठेवले तर आपल्या नावाची पत बऱ्याच अंशी सोबत येते. म्हणून सेवा बदलताना त्याच मुहूर्तावर डोमेनही बदलू नये.

अनेक लहान व्यापारी अजूनही जीमेलचा फुकट पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी लावून घाऊक पत्रे धाडतात. हे आता चालत नाही. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या पत्त्यांच्या नावाने बाहेरून येणारी पत्रे नाकारावीत असे जाहीर केले. २०२४ पासून गुगलनेही आपल्या नावाबाबत कडक धोरण घेतले. स्वतःचे डोमेन घेणे हा आता दुकानाच्या पाटीइतकाच आवश्यक खर्च आहे.

गुगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एस.पी.एफ., डी.के.आय.एम. आणि डीमार्क या तिन्ही नोंदी बंधनकारक झाल्या. मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी मे २०२५ पासून तसेच केले. सोप्या भाषेत सांगायचे तर, एस.पी.एफ. म्हणजे आपल्या वतीने कोण पत्र पाठवू शकतो त्याची यादी, डी.के.आय.एम. म्हणजे पत्रावरील मोहोर; आणि या दोन्ही जुळल्या नाहीत तर पत्राचे काय करावे, याची सूचना म्हणजे डीमार्क. आपली पत्रे पाच हजारांपेक्षा कमी असली तरी तिन्ही नोंदी करून घ्याव्यात.

येथे एक चूक वारंवार होते. जुन्या सेवेची एस.पी.एफ. नोंद असतानाच नव्या सेवेसाठी दुसरी स्वतंत्र नोंद जोडली जाते. नियमाप्रमाणे एका डोमेनला एस.पी.एफ.ची एकच नोंद चालते. दोन झाल्या की दोन्ही बाद. नवे नाव त्याच एका ओळीत घालावे. जुन्या सेवेचे नाव तेथून पत्रे जाणे पूर्ण थांबेपर्यंत ठेवावे आणि नंतर आठवणीने काढावे. नाहीतर ज्या कंपनीशी आपला संबंध उरला नाही तिच्याकडे आपल्या सहीचा अधिकार राहतो.

छाननी आणि टप्पे

चालू ग्राहक सर्व सारखे नसतात. आपल्या हापूस विक्रेत्याच्या ४,२०० चालू पत्त्यांची छाननी केली, तर समजा १,५०० जणांनी गेल्या हंगामात मागणी दिली किंवा पत्रातील दुव्यावर टिचकी मारली. १,७०० जण दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत संपर्कात होते. आणि १,००० जण तीन वर्षांहून अधिक काळ गप्प आहेत. ही छाननी करताना 'पत्र उघडले' या आकड्यावर विसंबू नये. ॲपलने सप्टेंबर २०२१ पासून आपल्या मेलमध्ये अशी सोय दिली की पत्रातील चित्रे वाचकाने न उघडताही आधीच उतरवली जातात. त्यामुळे न वाचलेले पत्रही वाचलेले दिसते. टिचकी, उत्तर आणि प्रत्यक्ष मागणी हीच खरी खूण.

आता पाठवण्याचा क्रम. पहिल्या आठवड्यात उत्तम १,५०० ग्राहकांनाच पत्र जावे. तेही पहिल्या दिवशी २००, दोन दिवसांनी ४००, आणखी दोन दिवसांनी ९००, असे. अनोळखी यंत्राकडून अचानक हजारो पत्रे आली की पलीकडचा पहारेकरी सावध होतो. थोडी पत्रे गेली, ती लोकांनी वाचली, उत्तरे दिली, की त्याचा विश्वास बसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात मधले १,७०० पत्ते पाच-सहाशेच्या गटाने घ्यावेत.

प्रत्येक गटानंतर तक्रारी आणि परत आलेली पत्रे पाहावीत. गुगलच्या सांगण्याप्रमाणे तक्रारींचे प्रमाण हजारी एकाच्या आत असावे आणि हजारी तिनापर्यंत कधीही जाऊ नये. याचा हिशेब करून पाहा. ३०० पत्रांच्या गटात एकाच माणसाने स्पॅमचे बटण दाबले, तर प्रमाण हजारी तीनच्या वर गेले. नकार दिलेल्या अकराशे जणांना पत्र गेले तर काय होईल, याची कल्पना यावरून करता येईल.

शेवटच्या १,००० गप्प ग्राहकांना सरसकट पत्रे पाठवू नयेत. त्यांना दोनशेच्या गटाने एकच छोटे पत्र जावे : आपण आमच्या यादीत आहात, पुढे माहिती हवी असल्यास येथे टिचकी मारा. यांनी पूर्वी परवानगी दिली आहे आणि नकार दिलेला नाही, म्हणून त्यांना एकदा विचारणे रास्त आहे. उत्तर आले नाही तर नाव बाजूला ठेवावे. जुने, बंद पडलेले पत्ते काही वेळा मेल कंपन्या आणि स्पॅमवर पाळत ठेवणाऱ्या संस्था सापळा म्हणून वापरतात. तेथे पत्र गेले की आपले डोमेन काळ्या यादीत जाण्याची भीती असते. कोणाकडून विकत घेतलेल्या याद्यांत असे सापळे हमखास मिळतात. तशा याद्या नव्या घरात नेऊच नयेत.

हे सर्व करायला तीन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे स्थलांतर हंगामात करू नये. हापूसवाल्याने ते पावसाळ्यात करावे. त्या दिवसांत कोकम आणि फणसपोळीची पत्रे पाठवून नव्या सेवेची घडी बसवता येते. दिवाळीचा व्यापार करणाऱ्याने उन्हाळा निवडावा. अत्तर, कापड, सुकामेवा अशा रमजान-ईदच्या धंद्यात असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यांचा हंगाम दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो; गेल्या वेळची मोकळी तारीख या वेळी मोकळी असेलच असे नाही.

जुने खाते केव्हा बंद करावे?

नव्या सेवेतून पहिले पत्र गेले की जुने खाते बंद करून पैसे वाचवावेत असे वाटते. थोडे थांबावे. महिन्यापूर्वी जुन्या सेवेतून गेलेले पत्र ग्राहकाच्या पेटीत अजून आहे. तो ते आज उघडतो आणि तळाशी 'नाव कमी करा'वर टिचकी मारतो. खाते बंद असेल तर तो नकार कोठेच पोहोचत नाही आणि पुढच्या आठवड्यात नव्या सेवेतून त्याला पुन्हा पत्र जाते. अमेरिकेच्या २००३ च्या 'कॅन-स्पॅम' कायद्यात म्हणूनच अशी अट आहे की पत्र पाठवल्यापासून किमान ३० दिवस नाव कमी करण्याची सोय चालू राहिली पाहिजे. आखाती देशांत, इंग्लंड-अमेरिकेत आपले ग्राहक असतील वा नसतील, हा ३० दिवसांचा नियम सर्वांनीच पाळण्याजोगा आहे. या काळात दर दोन दिवसांनी जुन्या खात्यातील नवे नकार काढून नव्या खात्यात चढवावेत. गुगलच्या नियमातही नकाराची अंमलबजावणी दोन दिवसांत व्हावी असेच आहे.

या काळात आणखी तीन कामे उरकावीत. संकेतस्थळावरील आणि फेसबुकवरील नोंदणीचे अर्ज नव्या सेवेला जोडावेत. जुना अर्ज एखाद्या पानावर राहिला तर नवा ग्राहक जुन्या, ओसाड घरात दाखल होतो. स्वागताचे, वाढदिवसाचे, मागणीची पोच देणारे जे पत्र आपोआप जाते ते नव्या सेवेत हाताने पुन्हा बसवावे लागते, कारण अशी यंत्रणा यादीबरोबर येत नाही. आणि पत्रांचे नमुने तपासून घ्यावेत. जीमेल १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र कापून दाखवते आणि तळाचा 'नाव कमी करा' हा दुवा कापलेल्या भागात जातो. देवनागरीचे प्रत्येक अक्षर व मात्रा रोमन अक्षराच्या तिप्पट जागा घेते, म्हणून मराठी पत्र या मर्यादेला लवकर पोहोचते. जो दुवा दिसत नाही तो ग्राहक शोधत बसत नाही. त्याला स्पॅमचे बटण तर वरच दिसते.

तीस दिवस झाले, आकडे जुळले, की मग जुन्या खात्यातील यादी पुसावी, कंपनीकडून ती पुसल्याची खात्री करून घ्यावी आणि खाते बंद करावे. संगणकावर इकडेतिकडे पडलेल्या प्रतीही काढून टाकाव्यात. एकच मूळ प्रत आणि एकच नकार-यादी, तीही परवलीच्या शब्दाखाली ठेवावी.

व्यापारी बंधु-भगिनींनी ध्यानात ठेवण्याचे थोडक्यात

जुन्या सेवेतून सर्व प्रकारच्या फायली घ्या आणि नकार-यादी आधी चढवा. पत्त्यासोबत त्याची तारीख आणि उगम न्या. डोमेन बदलू नका, नोंदी नीट करा. उत्तम ग्राहकांपासून सुरुवात करून टप्प्याने पुढे जा. जुने खाते एक महिना उघडे ठेवा.

यादी किती मोठी आहे यावर अभिमान बाळगण्याची रीत पडली आहे. सहा हजारांची यादी चार हजारांवर आली की मन खट्टू होते. पण ज्या दोन हजारांना आपली पत्रे नको होती ते कधीच आपले गिऱ्हाईक नव्हते; ते होते केवळ आकड्यात. गिऱ्हाइकाने 'नको' म्हटल्यावर जो दुकानदार हसून 'बरं, पुन्हा या' म्हणतो, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक कधीतरी आपण होऊन परत येते. जो रस्त्यापर्यंत मागे धावतो, त्याची गल्लीच लोक टाळतात. ई-मेलच्या व्यापारातही माणसे तीच आहेत.